चीनमधील आर्थिक सुधारणा आणि न आलेली लोकशाही: जमीन, कर्ज आणि गावचा हिशेब

तळटीप (धागाकर्ता)

हेन्री रोवेन या अमेरिकी अभ्यासकाने १९९६ मध्ये एका लेखात चीन लोकशाही देश केव्हा होईल, या प्रश्नाचे उत्तर थेट साल सांगून दिले होते: २०१५ च्या सुमारास. हिशेब सरळ होता. दरडोई उत्पन्न एका पातळीच्या वर गेलेले बहुतेक देश लोकशाही आहेत. चीन ज्या गतीने वाढतो आहे ती पाहता तो त्या वेळेपर्यंत त्या पातळीला पोहोचेल. तोवर शिकलेला, घरदार असलेला मध्यमवर्ग आपले हक्क मागू लागलेला असेल. यातले उत्पन्नाचे भाकीत जवळपास खरे ठरले. प्रत्यक्ष २०१५ साल उजाडले तेव्हा मात्र चीनमध्ये मानवाधिकारांचे खटले लढवणाऱ्या वकिलांची धरपकड झाली. ९ जुलैपासून सुरू झालेल्या त्या मोहिमेत तीनशेच्या आसपास वकील आणि कार्यकर्ते चौकशीच्या किंवा अटकेच्या फेऱ्यात सापडले.

रोवेन यांना आज हसणे सोपे आहे. मला त्या हिशेबातला एक शब्दच खटकतो. १९७८ मध्ये आनहुई प्रांतातल्या खेड्यांत जे घडले त्यालाही आपण ‘आर्थिक सुधारणा’ म्हणतो आणि १९९२ नंतर किनाऱ्यावरच्या शहरांत जे घडले त्यालाही तेच नाव देतो. माझ्या समजुतीप्रमाणे या दोन्हींचा राजकीय परिणाम जवळजवळ उलटा आहे. पहिल्या प्रकाराने माणसाची भाकरी सरकारी कचेरीच्या हातून सुटली. दुसऱ्याने त्याच्या हातात कितीतरी अधिक पैसा दिला, परंतु तो पैसा मिळवण्यासाठी लागणारी जमीन, कर्ज आणि परवानगी या तिन्हींसाठी त्याला पुन्हा त्याच कचेरीच्या दारात उभे केले.

पहिल्या प्रकारापासून सुरुवात करतो. आनहुईतील फेंगयांग परगण्यातल्या श्याओगांग या गावात १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये १८ शेतकऱ्यांनी अंगठे उठवून एक गुप्त करार केला. जमीन घरटी वाटून घ्यायची, सरकारी वाटा भरायचा, उरेल ते घरात ठेवायचे. आणि यापायी गावच्या कारभाऱ्यांना तुरुंगात जावे लागले, तर त्यांची मुले अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. शेवटचे कलम वाचले की त्या काळात स्वतःच्या शेतात स्वतः राबण्याची किंमत काय होती हे कळते. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांपैकी हा एक प्रांत. प्रांताचे पक्षसचिव वान ली यांनी अशा प्रयोगांना अभय दिले आणि पाच-सहा वर्षांत देशभरातली कम्यून मोडीत निघाली.

कम्यून म्हणजे केवळ सामुदायिक शेती नव्हती. धान्याचे वाटप, कामाची हजेरी, दवाखाना, शाळा, तंटेबखेडे आणि राजकीय शिक्षा असे सारे एकाच ठिकाणाहून चालत असे. ती संपल्यावर गावात पोकळी झाली. रस्त्याची डागडुजी कोणी करायची, चोऱ्या वाढल्या तर राखण कोणी करायची? ग्वांगशीमधील हझाई या गावाने १९८० च्या फेब्रुवारीत याचे उत्तर स्वतःच शोधले: घरटी एक मत घेऊन गावाने आपली समिती निवडली. १९८२ च्या राज्यघटनेच्या १११ व्या कलमात ‘ग्रामस्थ समिती’ आली, १९८७ मध्ये प्रायोगिक कायदा झाला आणि १९९८ मध्ये तो कायम झाला. आर्थिक सुधारणेतून मतपेटी जन्माला आल्याचे इतके स्वच्छ उदाहरण चीनमध्ये दुसरे सापडत नाही, आणि ते वर्तमानपत्रे वाचणाऱ्या मध्यमवर्गाच्या वस्तीत सापडत नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

शहरांत १९८० चे दशक वेगळ्या वळणाने गेले. ५ डिसेंबर १९७८ रोजी वेई जिंगशेंग या वीजतंत्र्याने बीजिंगच्या शीदान भागातल्या भिंतीवर आपले पत्रक चिकटवले आणि सरकारच्या चार आधुनिकीकरणांत (शेती, उद्योग, संरक्षण आणि विज्ञान-तंत्रज्ञान) पाचवे, म्हणजे लोकशाहीचे, आधुनिकीकरण असल्याशिवाय बाकीचे चार फोल आहेत असे बजावले. वर्षभरात त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली. तरीही राजकीय सुधारणेचा विषय पक्षाच्या आतून मिटला नाही. सत्ता मूठभरांच्या हाती एकवटण्यावर आणि तहहयात पदांवर डेंग शियाओपिंग यांनी ऑगस्ट १९८० च्या भाषणात टीका केली होती. राजकीय सुधारणेवाचून आर्थिक सुधारणा तडीस जाणार नाहीत, असे त्यांनी १९८६ मध्ये बोलून दाखवले. १९८७ च्या ऑक्टोबरमधील तेराव्या पक्ष अधिवेशनात पक्षाचे तेव्हाचे हंगामी सरचिटणीस झाओ झियांग यांनी पक्ष आणि शासन वेगळे करण्याचा कार्यक्रम मांडला. त्याच अधिवेशनात केंद्रीय समितीसाठी जागांपेक्षा थोडे अधिक उमेदवार ठेवून मतदान झाले आणि जुन्या मताचे बडे नेते डेंग लिचुन पडले. आज हे वाचताना परक्या देशाची हकिगत वाचल्यासारखे वाटते.

या दशकाचा शेवट १९८९ मध्ये कसा झाला, म्हणजे तिआनानमेन चौकातले विद्यार्थ्यांचे आंदोलन लष्कराने कसे चिरडले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याची कारणे मात्र बहुधा चुकीची सांगितली जातात. समृद्धी आली म्हणून विद्यार्थी रस्त्यावर आले, असे नव्हे. तेव्हा एकाच मालाला दोन भाव असत: सरकारी आराखड्यातला स्वस्त भाव आणि बाजारातला महाग भाव. ज्याच्याकडे सही होती तो पोलाद किंवा कोळसा सरकारी भावाने उचलून बाजारभावाने विकू शकत होता, आणि सह्या अर्थातच साहेबांच्या व त्यांच्या मुलाबाळांच्या हाती होत्या. या धंद्याला लोकांनी ‘ग्वानदाओ’ हे नाव दिले होते. १९८८ मध्ये दरांवरील नियंत्रण उठवण्याचे घाटताच महागाई अधिकृत आकड्यानुसार १८ टक्क्यांच्या वर गेली आणि लोकांनी बँकांतून ठेवी काढून दिसेल तो माल घरात भरला. तिआनानमेन चौकातल्या घोषणांत लोकशाहीच्या बरोबरीने ‘ग्वानदाओ’चा निषेध होता, आणि बीजिंगकर चौकाकडे धावले ते या दुसऱ्या घोषणेमुळेही धावले.

एक तपशील सहसा सांगितला जात नाही. त्या वेळी पैसेवाल्यांतले काही जण विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले होते. झोंगग्वानत्सुन भागातल्या ‘स्टोन’ या संगणक कंपनीचे प्रमुख वान रुन्नान यांनी उघड मदत केली आणि नंतर त्यांना देश सोडावा लागला. मोटारसायकली असलेले छोटे धंदेवाले निरोप पोचवत शहरभर फिरत होते. ऑगस्ट १९८९ मध्ये पक्षाने खासगी उद्योजकांना सदस्यत्व देणे बंद केले, यावरून त्याने या गोष्टीची किती धास्ती घेतली होती ते दिसते. १२ वर्षांनी, १ जुलै २००१ रोजी, तेव्हाचे पक्षप्रमुख जियांग झेमिन यांनी तीच दारे उद्योजकांसाठी उघडली. मधल्या १२ वर्षांत उद्योजक बदलला होता, की त्याचा धंदा?

माझे उत्तर असे, की धंदा बदलला होता. १९९२ च्या सुरुवातीला डेंग यांनी दक्षिणेचा दौरा करून बाजाराला हिरवा कंदील दाखवला, त्याच वेळी झाओ यांचा राजकीय कार्यक्रम कायमचा बासनात गेला. १९९४ च्या करसुधारणेने केंद्राचा महसुलातील वाटा एका वर्षात २२ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांच्या वर नेला, परंतु शाळा, दवाखाने आणि रस्ते यांचा खर्च बव्हंशी स्थानिक शासनांकडेच राहिला. ती तूट भरून काढायला त्यांच्याकडे एकच खाण होती: जमीन. घटनेप्रमाणे शहरातली जमीन राज्याची आणि खेड्यातली समूहाची. तिचा वापर शेतीवरून बांधकामाकडे वळवण्याचा अधिकार मात्र शासनाचा. शेतकऱ्याला तुटपुंजी भरपाई द्यायची आणि तोच तुकडा बिल्डरला अनेक पटींनी विकायचा, असा कारभार परगण्या-परगण्यांत सुरू झाला. कारखानदाराला भूखंड तिथूनच, कर्ज सरकारी बँकेतून, परवाना त्याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून. असा माणूस सत्तेच्या विरोधात कशाला जाईल? त्याचा उत्कर्ष आणि त्या इमारतीतल्या कोणाचा तरी उत्कर्ष एकाच खात्यात जमा होत असतो.

तेव्हा श्रीमंतीतून लोकशाही येते का, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. श्रीमंती कोणाच्या सहीने येते, हे आधी विचारायला हवे. जाणकारांनी खोडून काढावे, भर घालावी. एकच विनंती, भारत श्रेष्ठ की चीन या वादासाठी वेगळा धागा काढावा.

---

सह्यकडा

लेख वाचनीय आहे, परंतु १९८० च्या दशकाचे चित्र आपण जरा जास्तच उजळ रंगवले आहे. डेंग यांनी ३० मार्च १९७९ रोजीच ‘चार मूलभूत तत्त्वे’ घालून दिली होती आणि त्यांत पक्षाचे नेतृत्व हे निर्विवाद तत्त्व होते. ज्या १९८२ च्या राज्यघटनेतून आपण ग्रामस्थ समितीचे कलम उद्धृत केले, तिनेच आधीच्या घटनेतला संपाचा हक्क वगळला. भित्तिपत्रके लावण्याचा हक्क तर १९८० मध्येच काढून घेण्यात आला होता. डेंग ‘राजकीय सुधारणा’ म्हणत तेव्हा त्यांना नोकरशाही सडसडीत करणे, म्हाताऱ्या नेत्यांना निवृत्त करणे आणि कारखान्याच्या व्यवस्थापकाला पक्षसचिवाच्या जाचातून सोडवणे एवढेच अभिप्रेत होते. सत्ताविभागणी त्यांनी पुन्हा पुन्हा नाकारली. डिसेंबर १९८६ मध्ये हफेईपासून विद्यार्थ्यांची निदर्शने सुरू झाली आणि दीडेक महिन्यात पक्षाचे सरचिटणीस हू याओबांग यांना पद सोडावे लागले, म्हणजे ते तथाकथित मोकळे वारे किती मोकळे होते ते समजावे.

पक्षाने लोकशाहीचे वचन दिले होते आणि ते मोडले, असा सूर आपल्या लेखातून उमटतो. मला वाटते असे वचन कधी दिलेच गेले नव्हते. भाकीत बाहेरच्यांनी केले, आणि ते मोडले म्हणून बाहेरचेच रुसले. मार्च २००० मध्ये चीनच्या जागतिक व्यापार संघटनेतील प्रवेशाची बाजू मांडताना अध्यक्ष क्लिंटन यांनी इंटरनेटला वेसण घालणे म्हणजे जेली भिंतीला खिळ्याने ठोकण्यासारखे आहे, अशी चीनची थट्टा केली होती. ती जेली चीनने व्यवस्थित ठोकून दाखवली.

---

तळटीप

सह्यकडा, वचनाबद्दलचा आपला आक्षेप मान्य. डेंग यांच्यापुरते तर पूर्णपणे मान्य.

झाओ यांच्याबाबत मात्र मी थोडा अडून राहीन. नजरकैदेत असताना त्यांनी गुपचूप ध्वनिमुद्रित केलेल्या आठवणी त्यांच्या मृत्यूनंतर, २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. पाश्चात्त्य धर्तीची संसदीय लोकशाही हीच सर्वांत जिवट व्यवस्था आहे, या निष्कर्षाला ते अखेरीस आले होते. सत्तेत असताना त्यांचे असे मत नव्हते, हेही त्यांनी कबूल केले आहे. म्हणजे सरचिटणीसपदी पोहोचलेला माणूस आर्थिक सुधारणा राबवता राबवता तिथपर्यंत येऊ शकत होता. पक्ष एकसंध दगड होता, असे मागे वळून पाहताना वाटते ते १९८९ नंतर त्याला तसे घडवले गेले म्हणून.

---

जुना_खातेदार

मी नोकरीनिमित्त पाच वर्षे सूचौ येथे होतो, त्यामुळे पुस्तकी भर घालण्याऐवजी पाहिलेले सांगतो. आमच्या कारखान्याला सुटे भाग पुरवणारे बहुतेक मालक मूळचे वेनचौ भागातले किंवा आसपासच्या खेड्यांतले होते. बापाने शिवणयंत्र किंवा बटणांचा गाळा टाकून सुरुवात केलेली, मुलाकडे दोनशे कामगार. राजकारणावर ते माझ्यासारख्या परक्याशी बोलणार नाहीत हे उघड आहे. पण कर्जाविषयी बोलायला लागले की थांबत नसत. सरकारी बँका मोठ्या सरकारी कंपन्यांना हवे तितके देतात आणि आम्हाला दारात उभे करत नाहीत, ही प्रत्येकाची तक्रार. मग हातउसने, नात्यातल्या लोकांची भिशी आणि चढ्या व्याजाचा खासगी बाजार. २०११ मध्ये वेनचौतला हा खासगी बाजार कोसळला, अनेक मालक कारखान्याला कुलूप ठोकून परागंदा झाले, आणि शेवटी पंतप्रधान वेन जियाबाओ यांना तिथे जावे लागले.

तळटीप यांच्या मांडणीला याने दुजोरा मिळतो आणि बाधाही येते. बाधा अशी, की वेनचौचा छोटा मालक सरकारी कर्जावर जगत नव्हता. तो भिशीवर जगत होता. तुमच्या तर्काप्रमाणे त्याने जास्त स्वतंत्र बाण्याने वागायला हवे होते. प्रत्यक्षात त्याने काय केले? पैसा थोडा जमला की तो स्थानिक लोकप्रतिनिधी सभेत किंवा राजकीय सल्लागार परिषदेत जागा मिळवण्याच्या खटपटीला लागे, कारण तिथे बसले की कर अधिकारी जरा जपून वागतो. आमचा एक पुरवठादार ते ओळखपत्र भेटकार्डापेक्षाही आधी पुढे करत असे. हक्क मागण्यापेक्षा ओळख काढणे स्वस्त पडते, असा तो सरळ व्यवहार होता.

---

विदिशा_म

चर्चा ‘राजवट बदलली का’ एवढ्यावरच फिरते आहे, म्हणून एक वेगळी बाजू मांडते. सुधारणांपूर्वी शहरी चिनी माणसाचे आयुष्य त्याच्या ‘दानवेई’त, म्हणजे नेमून दिलेल्या कामाच्या ठिकाणी, बांधलेले होते. घर तिथले, दवाखाना तिथला, धान्याची कुपनेही त्याच व्यवस्थेतली. ती कुपने १९९३ च्या सुमारास संपली. लग्न करायचे तर दानवेईचे पत्र लागे, आणि ती अट ऑक्टोबर २००३ मध्ये गेली. ज्या व्यक्तीला लग्नासाठी साहेबाचे पत्र आणावे लागत होते आणि आता लागत नाही, तिच्या दृष्टीने काही बदललेच नाही असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. हे स्वातंत्र्य मतपेटीतून आले नाही, ते नोकऱ्यांचा आणि घरांचा बाजार आल्यामुळे आले.

त्याच वर्षी, म्हणजे २००३ मध्ये, आणखी एक घटना घडली. सुन झिगांग हा पदवीधर तरुण ग्वांगचौमध्ये नोकरीसाठी आला होता. तात्पुरत्या वास्तव्याचा परवाना जवळ नाही म्हणून पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले आणि मार्च २००३ मध्ये मारहाणीने त्याचा मृत्यू झाला. हुकोऊ, म्हणजे माणूस कुठल्या गावचा याची सरकारी नोंद, ज्यांची खेड्यातली आहे अशा कोट्यवधी मजुरांच्या घामावर ती शहरे उभी राहिली, आणि त्याच मजुरांना पकडून परत पाठवण्याची पद्धत वीस वर्षे चालू होती. ‘सदर्न मेट्रोपोलिस डेली’ने ही बातमी छापली, कायद्याच्या तीन तरुण अभ्यासकांनी ती पद्धत घटनाविरोधी असल्याचे निवेदन दिले आणि जूनमध्ये ती रद्द झाली. बाजारावर चालणारे वृत्तपत्र, कायद्याचे शिक्षण आणि शहरी वाचक हे तिन्ही आर्थिक सुधारणांचेच अपत्य आहे.

अर्थात पुढचेही सांगायला हवे. त्या वृत्तपत्राच्या संपादक-व्यवस्थापकांवर पुढच्याच वर्षी भ्रष्टाचाराचे खटले झाले. त्या तिघांपैकी दोघांना नंतरच्या काळात कोठडी किंवा तुरुंगवास घडला, आणि एकाला तर २०२३ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली. जमीन तीच, पीक दोनदा कापले.

---

अर्धविराम

ग्रामस्थ समिती म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखेच काही समजावे का? असल्यास पुढे तालुका, जिल्हा अशी ती वर का चढली नाही?

---

तळटीप

अर्धविराम, वरवर साम्य आहे, पण दोन फरक मूळचेच आहेत. ग्रामस्थ समिती हा शासनाचा स्तर मानला जात नाही. कायद्याच्या भाषेत ती ‘स्वशासनाची’ संघटना आहे, शासन तिच्या वरच्या टाउनशिपपासून सुरू होते. दुसरे म्हणजे निवडून आलेल्या अध्यक्षाच्या शेजारी पक्षाचा ग्रामसचिव बसलेला असतो आणि त्याला गावाने निवडलेले नसते. शिक्का एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे, या रस्सीखेचीत अनेक गावांत मतदानाचा जीव गेला.

वर चढण्याचा प्रयत्न झाला होता. सिचुआनमधील बुयुन या टाउनशिपने १९९८ च्या अखेरीस आपला प्रमुख थेट मतदानाने निवडला. ही पद्धत घटनेला धरून नाही असे सांगण्यात आले, निवडून आलेला माणूस पदावर राहिला, आणि प्रयोगाचे अनुकरण थांबले. झेजियांगमधील वेनलिंग येथे १९९९ पासून ‘मिनजू खेनतान’ म्हणजे मोकळ्या चर्चासभा भरू लागल्या. पुढे तिथल्या झगुओ या टाउनशिपमध्ये चिठ्ठ्या टाकून निवडलेले नागरिक कोणती कामे आधी व्हावीत यावर मत देऊ लागले. हा प्रयोग मला फार आवडतो, कारण वाद पैशाचा होता आणि पैसा कुठे जातो हे विचारायला लोक जमत होते.

माझ्या मूळ मुद्द्याला सर्वांत लागू पडणारे गाव म्हणजे ग्वांगडाँगमधील वुखान. सामाईक जमीन गावाला न विचारता विकली गेली म्हणून सप्टेंबर २०११ मध्ये ग्रामस्थ उठले. त्यांचा एक प्रतिनिधी डिसेंबरमध्ये कोठडीत मरण पावला, तेव्हा गावाने पक्षाच्या लोकांना आणि पोलिसांना बाहेर काढले. प्रांत शासनाने वाटाघाटी केल्या, मार्च २०१२ मध्ये गुप्त मतदानाने आंदोलनाचे नेते लिन झुलुआन अध्यक्ष झाले, आणि जगभरच्या वार्ताहरांनी चिनी लोकशाहीची पहाट म्हणून त्याचे वर्णन केले. जमीन मात्र बहुतेक परत मिळालीच नाही. ती परत देणे गावच्या अध्यक्षाच्या अधिकारातच नव्हते. व्यवहार वर झालेले, पैसे वाटले गेलेले. २०१६ मध्ये लिन यांनी पुन्हा आंदोलनाची हाक देताच त्यांना लाचखोरीच्या आरोपाखाली अटक झाली आणि तीन वर्षांहून अधिक शिक्षा झाली.

२०१८ च्या अखेरीस कायद्यात दुरुस्ती होऊन समितीची मुदत तीनाऐवजी पाच वर्षे झाली. पक्षाचा ग्रामसचिव आणि समितीचा अध्यक्ष एकच माणूस असावा, असे धोरणही आता आहे. म्हणजे वर सांगितलेली रस्सीखेच एका अर्थाने मिटवली गेली.

---

उंबरठा

तैवानचा उल्लेख अजून कसा झाला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण ‘चिनी संस्कृतीला लोकशाही मानवत नाही’ हा युक्तिवाद तिथेच निकाली निघतो. तिथल्या सत्ताधारी क्वोमिनतांग पक्षाची बांधणीही लेनिनच्या धर्तीचीच होती, लष्करी कायदा १९४९ पासून होता, बँका सरकारी होत्या. तरीही सप्टेंबर १९८६ मध्ये विरोधी पक्ष स्थापन झाला तेव्हा त्याला चिरडले गेले नाही, जुलै १९८७ मध्ये लष्करी कायदा उठला, आणि १९९६ मध्ये जनतेने थेट मतदानाने अध्यक्ष निवडला. लष्करी कायदा उठला तेव्हा तिथले दरडोई उत्पन्न सुमारे ५ हजार डॉलर होते. चीनने हा आकडा २०११ च्या सुमारास ओलांडला, अर्थात मधल्या काळात डॉलरही स्वस्त झाला होता.

तळटीप यांचा ‘सही कोणाची’ हा निकष इथे लावून पाहिला तर तो बऱ्यापैकी टिकतो. १९५३ च्या ‘कसेल त्याची जमीन’ कायद्याने तैवानच्या शेतकऱ्याला जमिनीची खरी मालकी मिळाली होती. मोठे उद्योग पक्षाच्या आणि मुख्य भूमीहून आलेल्यांच्या हाती, तर निर्यात करणारे हजारो छोटे कारखाने स्थानिकांचे, आणि त्यांचे भांडवल जुना_खातेदार म्हणतात तशा भिशीतून उभे राहिलेले. परंतु वेनचौ आणि तैवान यांतला फरक भिशीत नाही. तैवानात १९५० पासून परगण्यांच्या आणि शहरांच्या निवडणुका होत होत्या, त्यांत पक्षाबाहेरचा माणूस उभा राहू शकत होता आणि अधूनमधून जिंकतही होता. हात मोकळा झालेल्या छोट्या मालकाला जायला जागा होती. वेनचौच्या मालकाला ओळखपत्र मिळवण्यापलीकडे जागाच नव्हती. म्हणून आर्थिक स्वातंत्र्य आवश्यक असले तरी पुरेसे नाही, असे मी म्हणेन. आणि अमेरिकेवरचे तैवानचे अवलंबित्व हे आणखी एक कारण, जे बीजिंगला लागू नाही.

---

सह्यकडा

उंबरठा यांचा प्रतिसाद पटला. सोव्हिएत संघाचे विघटन यात जोडायला हवे. गोर्बाचेव्ह मे १९८९ मध्ये बीजिंगला आले तेव्हा चौक विद्यार्थ्यांनी भरला होता. अडीच वर्षांनी त्यांचा देशच उरला नाही. चिनी पक्षाने त्या घटनेचा केला तेवढा अभ्यास क्वचितच कोणी केला असेल. मार्च २०११ मध्ये संसदेचे तेव्हाचे अध्यक्ष वू बांग्वो यांनी बहुपक्षीय पद्धत, सत्ताविभागणी, संघराज्य आणि खासगीकरण यांपैकी काहीही आणणार नाही असे संसदेत जाहीर केले, तेव्हा त्या यादीत खासगीकरणही होते, याकडे लक्ष वेधतो. पक्षाला जमीन आणि बँका यांचे राजकीय मोल नेमके ठाऊक आहे. २०१८ मध्ये अध्यक्षपदाची दोन कारकिर्दींची मर्यादा २९५८ विरुद्ध २ मतांनी हटली, आणि २०२० च्या नोव्हेंबरमध्ये ‘अँट’ या वित्त कंपनीची समभागविक्री दोन दिवस आधी थांबवली गेली; तिचे संस्थापक जॅक मा स्वतः पक्षाचे सदस्य असूनही.

एक प्रश्न उरतो. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी कारखान्यांतून कोट्यवधी कामगार काढले गेले. २००२ मध्ये ल्याओयांग आणि दाचिंग इथे हजारोंचे मोर्चे निघाले. त्यांना ना भूखंड हवा होता ना परवाना. मग ते का विखुरले?

---

तळटीप

माझ्या वाचनाप्रमाणे त्याचे कारण असे, की प्रत्येक कारखान्याचा हिशेब वेगळा होता. थकीत पगार, निवृत्तिवेतन आणि भरपाई या बाबतीत देणेकरी स्थानिक होता, म्हणून भांडणही स्थानिक राहिले. पुढाऱ्यांना शिक्षा आणि बाकीच्यांना काही हप्ते, अशी ती पद्धत होती. ल्याओयांगच्या एका पुढाऱ्याला सात आणि दुसऱ्याला चार वर्षांची कैद झाली, कामगारांना थोडी थकबाकी मिळाली. २००६ मध्ये शेतीवरचा कर संपूर्ण रद्द झाला तेव्हाही असेच घडले. १९९३ मध्ये सिचुआनच्या रेनशौ परगण्यात करांवरून दंगे झाले होते. कर गेला, संताप ओसरला, आणि शेतकऱ्याने शासनाला ‘आमच्या पैशाचे काय केलेत’ असे विचारण्याचा आधारही त्याबरोबर गेला. उरलेले बहुतेक कर वस्तूंच्या किमतीत दडलेले असतात, ते भरणाऱ्याला दिसत नाहीत.

म्हणून मी सध्या निवडणुकांच्या बातम्यांपेक्षा घरपट्टीच्या बातम्या लक्ष देऊन वाचतो. शांघाय आणि चोंगचिंग येथे जानेवारी २०११ पासून राहत्या घरांवर मर्यादित कर आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने आणखी शहरांत तो लावून पाहण्यास मान्यता दिली आणि पाचच महिन्यांत अर्थ मंत्रालयाने यंदा परिस्थिती अनुकूल नाही असे सांगून तो बाजूला ठेवला. दुसरीकडे स्थानिक शासनांचे जमीनविक्रीचे उत्पन्न २०२१ मध्ये ८.७ लाख कोटी युआन होते, ते २०२४ मध्ये ४.९ लाख कोटींच्या खाली आले. खाण आटते आहे, आणि तिला पर्याय म्हणून जो कर सुचवला जातो तो घरमालकाला दरवर्षी स्वतःच्या खिशातून, पावती घेऊन भरावा लागेल.

---

जुना_खातेदार

यात एक भर घालतो. २०२२ मध्ये हनान प्रांतातल्या काही ग्रामीण बँकांनी ठेवी गोठवल्या. ठेवीदार झेंगचौला जायला निघाले तर त्यांच्या मोबाईलवरचा करोनाचा आरोग्य-कोड अचानक लाल झाला, म्हणजे प्रवासच बंद. तरीही १० जुलैला शेकडो लोक तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या शाखेच्या पायऱ्यांवर जमले. त्यांना साध्या वेशातल्या माणसांनी मारहाण करून हटवले, आणि दुसऱ्या दिवशी ५० हजार युआनपर्यंतच्या ठेवी आधी परत देण्याची घोषणा झाली. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या सासूची ठेव त्यांतल्याच एका बँकेत होती. तिला पैसे मिळाले. कोड लाल कोणी केला, हे तिने नंतर दोनदा लेखी विचारले.